लॅडीने परत पाठवलेले सात कोच

लॅडी सेडलाचेकला गप्प करायचं तर त्याच्या तोंडात सॉसेज कोंबावं लागेल, आणि आमच्या हार्लन फोर्कमध्ये सॉसेज बनवणारा तोच एकटा. त्यामुळे गेल्या त्र्याहत्तर वर्षांत हा उपाय कुणाला करता आलेला नाही. माणूस वाईट नाही हो. गावात कुणाच्या घरी कुणी वारलं, की सगळ्यात आधी लॅडीकडचा भाजलेल्या मांसाचा ट्रे दारात पोचतो. बर्नीस, त्याची बायको, होती तोवर तिने डोळे वटारले की गडी अर्धा तास तरी शांत बसायचा. ती गेली आणि लगामच सुटला.

बोलायचा विषय एकच. फुटबॉल, म्हणजे आपला हातात धरून पळायचा, लांबट चेंडूचा फुटबॉल, आणि त्यातही गावच्या विद्यापीठाचा संघ, 'गवे'. लॅडी अठरा वर्षांचा असताना वडिलांच्या शेतावरून गावात आला आणि चार वर्षं गव्यांकडून डावा गार्ड म्हणून खेळला, सहासष्ट नंबरची जर्सी घालून. पुढे त्याचा मुलगा डेनिस खेळला. जागा तीच, नंबरही तोच. मग डेनिसला मुलगा झाला, वेस्ली. चर्चमध्ये बाप्तिस्मा चालला होता, पोराच्या डोक्यावर अजून पाणीसुद्धा पडलं नव्हतं, तेवढ्यात लॅडी पाद्र्याला म्हणाला, "जपून धरा फादर, डावा गार्ड आहे तो." सगळं चर्च हसलं. लॅडी हसला नाही. तो मनापासून बोलला होता.

गार्डचं काम बाहेरच्याला कळत नाही. पुढच्या फळीतले हे पाच गडी. यांनी चेंडूला हात लावायचा नाही. समोरून माजलेल्या रेड्यासारखा जो धावून येतो त्याला छातीवर घ्यायचा आणि अडवून धरायचा, म्हणजे मागच्याला चेंडू फेकायला सवड मिळते. फेकणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. फळीतल्या गड्याचं नाव लाऊडस्पीकरवर येतं ते त्याने काही चूक केली तरच. लॅडी अभिमानाने सांगायचा, "चार वर्षांत माझं नाव दोनदाच घेतलं लाऊडस्पीकरने!"

वेस मोठा झाला तो खरंच मोठा झाला. सतराव्या वर्षी सहा फूट पाच इंच, दोनशे पंच्याण्णव पौंड. दारातून येताना मान वाकवायचा आणि आत आल्यावर ती सरळ करायला विसरायचा. बोलणं आजोबांच्या अगदी उलट, दिवसाला मोजून वीस वाक्यं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला उठून शाळेच्या मैदानावर एकटाच लोखंडी ढकलगाडी ढकलायचा, हिवाळ्यात कुस्ती, वसंतात गोळाफेक. गावात कुणालाही विचारा, "वेस पुढे काय करणार?" तर विचारणाराच वेडा ठरायचा. काय करणार म्हणजे? गव्यांकडे जाणार. सेडलाचेक आहे तो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

लॅडीचं दुकान हायस्कूलच्या बरोब्बर समोर. बाहेरगावच्या विद्यापीठांचे कोच पोरं हेरायला शाळेत येतात. जेवणाच्या वेळेला पोचतात, गाडीतून उतरतात, आणि समोरून धुरी दिलेल्या मांसाचा वास येतो. कोण सरळ शाळेत जाईल? दोन वर्षांत सातजण आले. सातही आधी लॅडीच्या दुकानात शिरले.

मार्शल बेंडचा कोच ओडम आला तेव्हाचं मला पक्कं आठवतं, कारण मी रांगेत त्याच्या मागेच होतो. उंच, चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस. मार्शल बेंड म्हणजे 'ससाणे', गव्यांचे पिढीजात वैरी. त्याच्या टोपीवरचा ससाणा बघून लॅडीचा सुरा हवेत थांबला.

"कुणाला बघायला आलात?" लॅडीने विचारलं.

"वेस्ली सेडलाचेक. ओळखता का?"

"ओळखतो का? नातू आहे माझा!" लॅडीने लसणाचं एक सॉसेज कागदात गुंडाळून त्याच्यासमोर ठेवलं. "हे घ्या, माझ्याकडून. खा आणि उजेडात घरी पोचा. उगाच कशाला पेट्रोल जाळताय? पोरगा गव्यांचा आहे. ठरलंय."

"ठरलंय? कागद झाले?"

"कागद कसले? रक्तात आहे."

ओडमने सॉसेज खाल्लं, आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि तो निघून गेला. शाळेच्या कोचला त्याने जाता जाता विचारलं, तर तोही म्हणाला, "लॅडी म्हणाला ना? मग झालं." लॅडीने ते कार्ड काचेच्या कपाटावर चिकटवलं, आधीच्या सहांच्या शेजारी. जिंकलेल्या ढाली लावाव्यात तशी सातही कार्डं ओळीने लावली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. दाखवली नाहीत ती फक्त वेसला आणि त्याच्या आईबापांना; ते दुकानात आले की कार्डांवर फडकं टाकायचा, आणि गिऱ्हाइकांनाही गप्प राहायला सांगून ठेवलं होतं. पोराच्या डोक्यात हवा जायला नको, म्हणे!

वेसने आपल्या सामन्यांचे व्हिडिओ वीस विद्यापीठांना पाठवले होते. एकाचंच उत्तर आलं: 'हार्लन फोर्कमध्ये तुला शुभेच्छा.' त्याने ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात टाकला. त्याच्याच वर्गातला, त्याच्या अर्ध्या वजनाचा पळणारा पोरगा तीन ठिकाणांहून बोलावणी घेऊन नाचत होता. वेस कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीपासून साडेपाचच्या ऐवजी पाचला उठायला लागला.

असा जानेवारी संपत आला. सह्यांचा दिवस फेब्रुवारीतला पहिला बुधवार. त्या दिवशी पोरं विद्यापीठाच्या कागदावर सही करतात, शाळेच्या जिममध्ये आईबाप फोटो काढतात. आठवडाभर राहिला होता. मंगळवारी दुपारी गव्यांचा कोच ब्रॉकमायर दुकानात आला. दर मंगळवारी यायचा, दोन पौंड सॉसेज आणि अर्धा तास गप्पा.

"काय मग कोच," लॅडी हात पुसत म्हणाला, "कागद घेऊन कधी येताय घरी? सूनबाई विचारत होती, जेवायला काय करू म्हणून."

"कसले कागद, लॅडीकाका?"

"कसले म्हणजे? वेसचे! शिष्यवृत्तीचे!"

ब्रॉकमायर हसला, आणि मग लॅडी हसत नाही हे बघून थांबला. "अहो काका, वेसला शिष्यवृत्ती कशाला? तो आपणहून येईल ना. फळीत माझ्या चारच जागा. दोन मिनेसोटाच्या पोरांना दिल्या, दोन टेक्ससच्या. त्यांना दिलं नाही तर ती दुसरीकडे जातात. वेस कुठे जातोय? तुम्हीच सांगितलंत मला. एकदा नाही, शंभरदा."

लॅडीने काउंटर धरलं.

आपणहून येणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आपल्या खर्चाने शिकायचं, सरावात दुसऱ्यांसाठी उशी धरून उभं राहायचं, आणि कोचची नजर पडली तर पडली. डेनिस लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्याची बायको जॉनेल शाळेत नर्स. घर नीट चालतं, पण विद्यापीठाचा खर्च त्यात बसत नाही. शिष्यवृत्ती नाही म्हणजे विद्यापीठ नाही. वेस जूनपासून बापाच्या शेजारी ट्रकमध्ये, हे उघड होतं.

"तुम्ही सॉसेज घ्या," लॅडी म्हणाला, "आणि निघा."

"काका, रागावलात?"

"तुमच्यावर नाही. निघा."

ब्रॉकमायर गेल्यावर लॅडी त्या सात कार्डांसमोर उभा राहिला. दोन वर्षं ज्यांच्याकडे बघून छाती फुगत होती, ती कार्डं आता त्याला बघवेनात. पोराच्या दारात आलेली सात माणसं त्याने स्वतःच्या हाताने, वर सॉसेज देऊन, परत पाठवली होती. कुणी दुष्मनानेही असं केलं नसतं. त्याने सातही कार्डं काढली, अंगातला रक्ताळलेला एप्रन तसाच ठेवून दुकानाला कुलूप लावलं आणि चालत डेनिसचं घर गाठलं.

स्वयंपाकघरात जॉनेल बटाटे सोलत होती. वेस कुस्तीच्या सरावाहून येऊन जेवायला बसला होता. लॅडीने कार्डं त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय?" वेसने विचारलं.

"तुला बघायला आले होते. शाळेत. आधी माझ्याकडे आले. मी त्यांना सांगितलं, तू गव्यांचा आहेस, ठरलंय. ते परत गेले." लॅडीने एप्रनला हात पुसले. "आणि गव्यांनी तुला काही दिलेलं नाही. आज कळलं मला. तू आपणहून येशील म्हणतात."

जॉनेलने सुरी खाली ठेवली. "बाबा! पोराचं लग्न तुम्ही पाळण्यात लावलंत, आणि नवरीकडच्यांना पत्ताच नाही? सातजण? सात?"

"सात," लॅडी म्हणाला.

"एकाचं तरी नाव मला सांगायचंत! मी आई आहे त्याची, का दुकानातलं गिऱ्हाईक?"

लॅडीला वाटलं, आता वेस ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. वेसने एकेक कार्ड उचलून वाचलं. मोठ्या बोटांत ती कार्डं अगदी तिकिटांएवढी दिसत होती. मग त्याने वर बघितलं.

"म्हणजे मी चांगला खेळतो?"

"काय?"

"मला वाटलं मीच कमी पडतोय. कुणीच येत नाही म्हणून."

लॅडी खुर्चीत बसला आणि जॉनेलच्या देखत, सुनेच्या देखत, रडला. बर्नीसच्या वेळी सुद्धा तो सगळ्यांसमोर रडला नव्हता. "पोरा, तू चांगला खेळतोस," तो म्हणाला. "मी गाढव आहे. उद्या सातही जणांना फोन करतो मी."

"नाही," वेस म्हणाला. "फोन मी करणार."

आणि त्याने केले. बुधवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, शीतकपाटाला पाठ लावून. लॅडी दाराशी उभा. पहिला म्हणाला, जागा भरल्या. दुसरा, भरल्या. तिसऱ्याने फोन उचलला नाही. चौथा म्हणाला, "अरे, तू मोकळा होतास? लेका, आधी नाही का सांगायचं!" पाचवा, सहावा, भरल्या. दर फोननंतर वेस कार्ड उलटं करून ठेवायचा आणि पुढचं घ्यायचा. आवाज जराही हलत नव्हता.

सातवा ओडम. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एक जागा आहे," ओडम म्हणाला. "शुक्रवारी दुपारी कॅन्ससचा एक पोरगा येतोय, त्याला देणार आहे. तू उद्या सकाळी येऊ शकतोस?"

"येतो," वेस म्हणाला.

"इथे वादळ आहे."

"येतो, सर."

डेनिस ट्रक घेऊन ओहायोत. जॉनेलच्या शाळेत निम्मी पोरं तापाने आडवी, तिला सुट्टी मिळेना. उरला लॅडी. गुरुवारी सकाळी त्याने दुकानाच्या दारावर 'बंद' लावलं, तर लोक फोन करायला लागले, कोण गेलं म्हणून. वेस गाडीत बसला, सीट पार मागे सरकवली, पट्टा लावला आणि म्हणाला, "आजोबा, एक सांगतो. गाडी तुम्ही चालवा. तिथे बोलणार मी. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"एकसुद्धा?"

"मी मान हलवल्याशिवाय नाही."

एकशे सत्तर मैल. वाऱ्याने बर्फ रस्त्यावर आडवं उडत होतं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडले तर काही दिसत नव्हतं. आणि लॅडी सेडलाचेक एकशे सत्तर मैल गप्प! तिथेच सराव सुरू केला म्हणा ना. मार्शल बेंडच्या हद्दीत दहा फुटी ससाण्याची पाटी आली. या पाटीजवळून जाताना पन्नास वर्षं लॅडी न चुकता काच खाली करून थुंकत आला होता. या वेळी त्याने थुंकी गिळली आणि गाडी हळू केली.

ओडमच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. त्याने वेसशी हात मिळवला, मग लॅडीकडे बघितलं. "तुम्ही सॉसेजवाले. तुम्हीच म्हणालात ना, ठरलंय म्हणून?"

लॅडीचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने वेसकडे बघितलं. वेसने मान हलवली.

"मी म्हणालो," लॅडी बोलला. "काही ठरलं नव्हतं. पोराला मी विचारलं नव्हतं, गव्यांना विचारलं नव्हतं. माझ्या मनात होतं तेच मी ठरलंय म्हणून सांगत सुटलो. चूक माझी आहे. तिची शिक्षा पोराला देऊ नका."

"सॉसेज मात्र झकास होतं," ओडम म्हणाला आणि पडद्याकडे वळला. "बस, वेस. तुझे दहाही सामने काल बसून बघितले मी. तू कुठे बिघडतोस ते दाखवतो."

लॅडी ताठ झाला. बिघडतो? सेडलाचेक?

ओडमने चित्र थांबवलं. "हा सामन्याचा शेवटचा पाव भाग. तू दमलायस. समोरचा आत शिरतो आणि तुझा डावा हात खाली येतो. कोपर बाहेर. त्याला सरळ वाट मिळते. इथे बघ. आणि इथे. दहा सामन्यांत अकरा वेळा." त्याने अकराही वेळा दाखवल्या. वेसचे कान लाल झाले, पण नजर पडद्यावरून हलली नाही. "तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही, सर."

"आश्चर्य आहे. चल, बूट काढ."

मग जिममध्ये तासभर त्याने वेसला पिळून काढलं. अनवाणी बसवलं, उठवलं, तिरकं पळवलं, हाताची लांबी मोजली, घोटे दाबून बघितले. दर वेळी डावा हात खाली आला की ओडम त्यावर टपली मारायचा आणि म्हणायचा, "परत." वेस म्हणायचा, "हो, सर," आणि परत करायचा. तिसाव्यांदा केलं तेव्हा त्याच्या घामाने चटई भिजली होती. एकदाही तो 'थांबू का' म्हणाला नाही. लॅडी कोपऱ्यातल्या बाकावर मुठी आवळून बसला होता. पोरगं असं झगडतंय आणि आपल्याला तोंड उघडायचं नाही, हे त्याला सॉसेजच्या यंत्रात बोटं गेल्यापेक्षा जड गेलं.

शुक्रवारी सकाळी दहाला फोन आला. कॅन्ससच्या पोराला ओडमने येऊ नको म्हणून कळवलं होतं. शिष्यवृत्ती वेसची, चार वर्षं, पूर्ण. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं.

आमच्या गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. दुपारपर्यंत बेकरीत खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेणाऱ्या बायकांनाही कळलं, की सेडलाचेकांचा पोरगा ससाण्यांकडे चाललाय. लोक लॅडीला विचारायला लागले, "खरं का रे?" लॅडी पहिल्यांदाच म्हणाला, "त्याला विचारा."

रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला बसले होते. डेनिसही ओहायोहून परतला होता. भाजलेलं डुकराचं मांस, डम्पलिंग, आंबवलेला कोबी. तेवढ्यात बेल वाजली. दारात ब्रॉकमायर. एका हातात कागद, दुसऱ्या हातात काळी-पिवळी जर्सी. सहासष्ट नंबर.

"या कोच, बसा," जॉनेल म्हणाली. आवाजात गोडवा यथातथाच.

ब्रॉकमायर बसला नाही. तो सरळ लॅडीच्या खुर्चीपाशी गेला. "काका, झाली आमची चूक. टेक्ससचा एक पोरगा फिरला, त्याची जागा वेसला. पूर्ण शिष्यवृत्ती. तुम्ही जरा समजावा त्याला. ससाण्यांकडे? तुमच्या घरातला?" त्याने जर्सी लॅडीच्या मांडीवर ठेवली.

लॅडीने जर्सीवर हात फिरवला. सतरा वर्षं त्याने हेच स्वप्न बघितलं होतं. मुलगा, आणि त्याचा मुलगा, त्याच जागी, त्याच नंबरात, आपल्याच गावच्या स्टेडियमवर. फक्त 'वेस, घे बाबा' म्हणायचं होतं. आजोबांचा शब्द पोराने आजवर मोडला नव्हता. खूप वाटलं त्याला, म्हणावं. त्याने जर्सीची नीट घडी केली आणि ती ब्रॉकमायरच्या हातात परत दिली.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "खेळणारा तो बसलाय समोर."

ब्रॉकमायर वळला. "वेस, काय म्हणतोस? घरच्या घरी?"

वेसने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं. "सर, एक विचारू? माझा खेळ बिघडतो कुठे?"

"बिघडतो?" ब्रॉकमायर हसला. "अरे, तुला जन्मल्यापासून बघतोय आम्ही! तू सेडलाचेक आहेस!"

"माझी एक चूक सांगा. एकच."

ब्रॉकमायरने इकडे तिकडे बघितलं. डेनिसकडे, मग लॅडीकडे.

"ओडम सरांनी अकरा दाखवल्या," वेस म्हणाला. "मी मार्शल बेंडला जातोय. तुम्ही आलात त्याबद्दल आभारी आहे, सर."

जॉनेलने तोंडावर हात धरला. डेनिस ताटात बघत राहिला, पण त्याने टेबलाखालून पोराच्या गुडघ्यावर थाप मारली, ती सगळ्यांना ऐकू आली. आणि लॅडी, ज्याच्याकडे आता सगळे बघत होते, त्याचा चेहरा पडला होता. खोटं कशाला सांगू, पडलाच होता.

"डावा हात," तो एकदम म्हणाला.

"काय, आजोबा?"

"तुझा डावा हात खाली येतो. दमलास की. नववीत असल्यापासून येतो. मला दिसायचं." लॅडीने ताट बाजूला सारलं. "सामना बघून येऊन मी गावाला सांगायचो, वेसमध्ये खोट नाही. मला दिसत होतं, वेस, आणि मी एकदाही बोललो नाही."

वेसला राग आला असेल, आला असावाच. मग तो उठला. उठला की खोली लहान होते.

"तुम्हाला तो नीट करता येतो?" त्याने विचारलं.

"मी स्वतःचा केला होता. एका हिवाळ्यात."

"मग आत्ता सांगा. मला ऑगस्टमध्ये जायचंय."

लॅडीने बाह्या वर केल्या. डेनिसने न सांगता टेबल भिंतीकडे सरकवलं आणि जॉनेलने रश्शाचं भांडं उचलून घेतलं. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन, दोनशे पंच्याण्णव पौंडांच्या नातवासमोर उभा राहिला. दोघे भिडले. लॅडीचे बूट फरशीवर मागे घसरले, पण त्याने वेसच्या कोपराखाली मूठ घातली आणि ती वर रेटली.

"वर! अंगठा वर, कोपर आत! बरगडीला चिकटव. माझ्याकडे नको बघू, समोर बघ!"

ब्रॉकमायर अजून तिथेच होता, जर्सी काखेत धरून. "काका," तो हळूच म्हणाला, "तुम्ही हे ससाण्यांसाठी शिकवताय."

"मी वेसला शिकवतोय," लॅडी मान न वळवता म्हणाला. "जरा बाजूला व्हा कोच, तुमचा पाय मध्ये येतोय."

वेसचा डावा हात पुन्हा खाली आला. लॅडीने त्यावर टपली मारली.

"परत," वेस स्वतःच म्हणाला, आणि दोघे पुन्हा भिडले.